लगाम धरलेला हात

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की लातूरच्या हवेत भुसा भरतो. खिडक्या लावून घेतल्या तरी तो घरात येतो, भांड्यांवर बसतो, घशात खवखवतो. सकाळपासून मळणीयंत्रं ओरडत असतात आणि माणसं बोलता बोलता मधेच वर बघतात. उदगीरच्या बाजूला आभाळ काळवंडलेलं असतं. "येतंय का?" असं एक विचारतो, "येईल वाटतं," असं दुसरा म्हणतो, आणि परतीच्या पावसाचं नाव न घेता दोघं ताडपत्री ओढायला धावतात. कापून ठेवलेली गंजी एकदा भिजली की शेंगेतच कोंब फुटतात. गेल्या वर्षापासून या दिवसांत मीही वर बघायला लागले आहे. माझी शेती नाही, गंजी नाही. तरी सकाळी उठल्यापासून दिवसभर वाटत राहतं की आज येणार.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरी संपली, पण दुसरं काम सुटलं नाही. ड्रेसाज या घोड्यांच्या खेळाची मी पंच आहे, वीसेक वर्षं झाली. ड्रेसाज म्हणजे काय हे जळकोट तालुक्यात समजावून सांगणं हा एक स्वतंत्र खेळ आहे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असं आखलेलं मैदान, त्यात एक घोडा आणि एक स्वार. शर्यत नाही, उड्या नाहीत. घोड्यानं चालायचं, दुडकायचं, तिरकं सरकायचं, जागच्या जागी पावलं टाकायची; आणि स्वारानं हे सगळं असं करवून घ्यायचं की तो काही करतो आहे हे दिसू नये. आम्ही पंच कडेला बसून प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण देतो आणि शेजारच्या लेखनिकाला शेरा सांगतो. पाठ ताठ. तोंड उघडं. हात जड. ही सवय घरातही जात नाही. सूनबाईच्या भाकरीला मी मनातल्या मनात साडेसहा दिले होते, ते तिला कळलं, आणि पुढचे चार दिवस मला वरण-भातावर काढावे लागले.

घोड्यांची ओढ वडिलांमुळे, अप्पांमुळे लागली. अप्पांचं जळकोटला भुसारीचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि दारात एक तांबडी घोडी. दुकानदारानं घोडी कशाला पाळायची, म्हणून अख्खी पेठ हसायची. अप्पा आठवडी बाजाराला तिच्यावरूनच जायचे. मला पुढ्यात बसवून त्यांनी लगाम हातात दिला तेव्हा म्हणाले होते, "वढू नगं. त्या टोकाला जीभ हाय तिची." पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांनी हेच मला तासन् तास समजावून सांगितलं, पण त्यात काही भर पडली असं वाटत नाही.

या एका गोष्टीवरच माझं नाव झालं. परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेत मी मुख्य पंच होते. सगळ्यांचा लाडका स्वार मैदानात होता आणि त्याच्या घोड्याच्या तोंडातल्या फेसाला मला गुलाबी छटा दिसली. मी घंटा वाजवली. घंटा वाजली की थांबायचं. स्पर्धेच्या पशुवैद्यांनी घोड्याचा ओठ वर केला, आत रक्त होतं, स्वार बाद झाला. हजारो लोक माझ्या नावानं ओरडत होते, आणि मला आठवतं की मी अगदी शांत होते. मला दिसलं होतं, मी घंटा वाजवली होती, त्यापलीकडे विचार करण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी जागतिक संघटनेच्या ड्रेसाज समितीच्या अध्यक्षपदासाठी मी उभी राहिले. मला ते पद हवं होतं. संकोच कशाला, फार हवं होतं. इतकी वर्षं ज्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून मी नियमांचे मसुदे ऐकले, त्याच्या मधोमध बसायचं होतं. माझ्या निवेदनात एकच मुद्दा जोरात होता: घोड्याच्या तोंडात जे घडतं त्याला आधी उत्तर द्यायचं, गुण नंतर. समोर एका थंड देशातले उंच, सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या घोडे. मी रोज संगणकासमोर बसून एकेका देशाच्या प्रतिनिधीशी बोलायची आणि प्रत्येकाला आधी लातूर कुठं आहे ते सांगायची.

माझा चुलतभाऊ शिवराज या सगळ्यानं नुसता फुलून गेला होता. जळकोटला त्याचं खताबियाणांचं दुकान आहे, आणि सोसायटीपासून जिल्हा परिषदेपर्यंत एकही निवडणूक त्यानं अंगाला लावून घेतल्याशिवाय सोडलेली नाही. दर दोन दिवसांनी त्याचा फोन.

"आक्का, कोन फुटून राहिलंय का आपल्यातलं?"

"अरे, तिथं असं नसतं."

"समदीकडं असतंय. बरं, त्ये ड्रेसाज म्हंजी नेमकं काय वो? आपला नाचा घोडाच की?"

मी त्या वेळी निवेदनाची शेवटची ओळ घासत होते. नाच्या घोड्यात आणि ड्रेसाजमध्ये काय फरक आहे यावर मी तीन तास बोलू शकते. तेवढा वेळ नव्हता. "हाव, तसंच समज," असं म्हणून मी फोन ठेवला.

फरक सांगायलाच हवा होता. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत, जत्रेत घोडा नाचवतात. काही जण तो वर्षानुवर्षं घाम गाळून, चुचकारून शिकवतात. पण एक सोपी वाट आहे, तिचं नाव काटेरी लगाम. तोंडात जाणाऱ्या लोखंडी दांडीला आतून टोकदार काटे असतात. दोरी जराशी हलली की काटे जिभेत जातात, घोडा मान वर टाकतो, पाय उचलतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं की रंगात आलाय. कायद्यानं त्याला बंदी आहे. बंदी असलेल्या बऱ्याच गोष्टींसारखा तोही सुखानं नांदतो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी शिवराजनं मला जळकोटला बोलावलं, "घरातल्या घरात" सत्कार म्हणून. गावाच्या तोंडाशी पोचले तर माझा वीस फुटी फ्लेक्स. 'आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी प्रचंड बहुमताने निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मतदानाला पाच आठवडे होते.

"शिवराज, निवडणूक व्हायची आहे अजून."

"व्हनारच हाय की. आन् तवा समदे राशीत आसतेत, मानसं कुठून आनू? आत्ताच उरकून घेतलं."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं म्हणून मी हसले. खरं तर मला बरं वाटलं होतं. फेटा बांधून घेताना मान आपोआप ताठ झाली. ऐंशी ओलांडलेले विश्वनाथकाका, अप्पांचे धाकटे भाऊ, काठी टेकत आले. मला हात जोडून "शरणार्थ" म्हणाले आणि रडायलाच लागले. "अप्पा पायजे व्हते गं बाई आज," एवढंच त्यांना बोलता आलं.

मग डीजे सुरू झाला आणि टेम्पोतून घोडी उतरवली. पांढरीशुभ्र, कपाळावर गोंडा, पायात चांदीचे तोडे. नाव मैना. तिला घेऊन आलेला मारोती लोह्याकडचा, काटकुळा, लाल पटका बांधलेला माणूस. शिवराज माझ्या कानात ओरडला, "नांदेड जिल्ह्यातली एक नंबर घोडी हाय आक्का! तुमचं ड्रेसाजच आनलं हितं!"

मैना नाचत माझ्याकडे आली. तीसेक पावलांवर असतानाच मला दिसलं. मान नको तितकी वर, डोळ्यांचा पांढरा भाग बाहेर, जबडा वाकडा, आणि ओठांच्या कोपऱ्यातला फेस गुलाबी. अशा वेळी काय करायचं हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याच्यावरच मी जगभर मतं मागत होते. समोर चारशे माणसं होती, सगळ्यांचे मोबाइल वर होते, काका डोळे पुसत होते. कुणीतरी गुलालाची मूठ उधळली. तो मैनाच्या छातीवर, नाकाडावर, ओठांवर बसला, आणि माझ्या मनानं झटकन म्हटलं, गुलालच आहे तो. मी डॉक्टर आहे. गुलाल सुका असतो आणि खाली थेंब थेंब पडत नाही, हे कळायला डॉक्टरही असावं लागत नाही.

"आक्का, लगाम धरा की, फोटू!"

मारोतीनं दोरी माझ्या हातात दिली. दोरीतून बारीक थरथर येत होती. एकसारखी, न थांबणारी. "हसा की आक्का," शिवराज म्हणाला, आणि मी हसले. दोरी परत देताना मी मारोतीला हळूच म्हटलं, "घरी गेल्यावर तोंड धुवा तिचं. गार पाण्यानं." तो म्हणाला, "हाव, डाक्टरीनबाई." एवढंच मी केलं. त्या दिवशी जेवायला शेंगाच्या पोळ्या होत्या, आणि त्या मी दोन खाल्ल्या.

व्हिडिओ दुसऱ्या दिवसापासून फिरायला लागला. आधी लातूर, मग उदगीर, देवणी, मग थेट किनवट. तिथल्या एका आश्रमशाळेच्या गुरुजींनी फोन करून सांगितलं की त्यांनी तो वसतिगृहातल्या मुलांना दाखवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी शिवराजला म्हटलं, काढून टाक. "कामून? लई भारी आलाय. लाजू नका वो आक्का." खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं त्याच मिनिटाला काढला असता. मी सांगितलं नाही. दिवसातून चारदा मी तो मोठा करून बघायची. तेराव्या सेकंदाला मैना तोंड उघडते. दिसतं का? दिसतं. आणि बघणाऱ्याला आधी गुलाल दिसला तर नाहीही दिसत. बाहेर आभाळ भरून यायचं, न पडताच निघून जायचं, आणि लोक म्हणायचे, टळलं बुवा.

मतदानाच्या आठ दिवस आधी एका दूरच्या देशाच्या प्रतिनिधीबाईंचा निरोप आला. "तुमच्या गावचा तो सोहळा पाहिला." पुढची ओळ वाचण्याआधी मी तो तेरावा सेकंद पुन्हा एकदा बघून घेतला. पुढे लिहिलं होतं, किती सुंदर परंपरा, आमचं मत तुम्हालाच. मी आभार मानले. थोड्या मतांनी मी निवडून आले. सभागृह उठून उभं राहिलं. त्या टाळ्यांमध्ये मी दरवाज्याकडे बघत होते, की कुणीतरी हातात फोन घेऊन आत येईल. कुणी आलं नाही. शिवराजनं तोच फ्लेक्स पुन्हा लावला. फेकला नव्हता त्यानं.

वर्षभरात मी मनाजोगं काम केलं हे खोटं नाही. तोंडाबद्दलचे नियम कडक झाले, आणि माझा स्वभावही. कुठूनही व्हिडिओ आला की माझी नजर आधी ओठांच्या कोपऱ्यावर जायची. गेल्या महिन्यात एका तरुण स्वार मुलीचं प्रकरण पुढ्यात आलं. व्हिडिओत दोन सेकंद दिसणारं रक्त. तिनं लिहिलं होतं, घोडा माझा नव्हता, मी फक्त फेरी मारायला घेतला, मला दिसलं नाही. मी शेरा लिहिला, "दिसलं नाही हे मान्य करता येत नाही," आणि सहा महिने तिला खेळाबाहेर ठेवणाऱ्या कागदावर सही केली. सही करून उठले तेव्हा बाहेर या वर्षीचं पहिलं मळणीयंत्र सुरू झालं होतं. मला वाटलं, आपण माणूस म्हणून संपत आलो आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि लोह्याच्या बाजूला गेले, मारोतीकडे, पहिल्यांदाच.

मारोती अंगणात भुसा चाळत होता. मला बघून लगबगीनं उठला, घोंगडी अंथरली. मैना मागं लिंबाखाली बांधलेली. बरगड्या मोजता येत होत्या. त्यानं तिच्यापुढे बादली ठेवली. तिनं तोंड घातलं, घोट घ्यायचा प्रयत्न केला, आणि पाणी दोन्ही कडांनी गळून परत बादलीत पडलं. तिनं पुन्हा तोंड घातलं. मी तिचा जबडा उघडून बघितला. जीभ मधोमध चिरली जाऊन वेडीवाकडी भरून आली होती, पुढचा भाग नुसता लोंबत होता. मारोती तिला ज्वारीच्या पिठाची पेज नरसाळ्यानं पाजत होता.

"कधी झालं हे?"

"संक्रांतीनंतरच्या लग्नसराईत. रोजची वरात आसायची."

"तोच लगाम?"

"हाव. आधी मी साधाच घालायचो बाई. तुमच्या कार्यक्रमाला शिवराजदादा म्हन्ले, पाय उंच उचलाया पायजेत, मोठ्या बाई येनार हायत. म्हनून त्यो नवा आनला. मला बी धाकधूक व्हती." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड होतं. "पन तुम्ही सोता हातात धरला. तिच्या तोंडाकडं बघितलं, मला दिसलं तुम्ही बघितलेलं. तोंड धू म्हन्लात. मी म्हन्लं, एवढ्या मोठ्या डाक्टरीनबाई, वंगाळ आसतं तर सांगितलं आसतं की. मंग त्योच घालीत राहिलो."

त्यानंच पुढे सांगितलं, अगदी सहज, मला कौतुक वाटेल अशा बेतानं. "आता समदेच त्यो घालून राहिलेत. नांदेडात मिळतो. तुमचा फोटू लावलाय तिथं. आक्काचा लगाम म्हंत्यात त्याला."

जुन्या नांदेडातल्या एका बोळात ते दुकान आहे. घुंगरं, गोंडे, झुली, खोगिरं. भुशामुळे मी तोंडाला ओढणी बांधली होती, त्यामुळे दुकानदारानं ओळखलं नाही. गल्ल्याच्या वर माझा फोटो, प्लास्टिकमध्ये मढवलेला: फेटा, हसणं, हातात दोरी. नाच्या घोड्याला लगाम हवा म्हटल्यावर त्यानं खालच्या गोणपाटातून एक काढून माझ्यापुढे ठेवला. मी काट्यावरून बोट फिरवलं आणि म्हटलं, हा वापरणं गुन्हा आहे.

तो मनापासून हसला. "गुन्हा आसता तर ह्या बाईंनी धरला आसता व्हय? जगातल्या समद्या घोड्यांच्या अध्यक्ष हायत त्या."

मी ओढणी सोडली. तो फोटोकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मग केवढा आनंद झाला त्याला! खुर्ची पुसली, चहा सांगितला, शेजारच्यांना हाका मारल्या. बघता बघता दहा-पंधरा माणसं जमली, आणि सगळ्यांचे मोबाइल वर. "आक्का, हाच हातात धरा. नवा फोटू व्हऊन जाऊ द्या."

मी लगाम धरला, काटे त्यांच्या बाजूला करून, आणि म्हटलं, फोटो नको, व्हिडिओ सुरू ठेवा. मैनाच्या जिभेचं सांगितलं. मी ते रक्त पाहिलं होतं आणि मतांसाठी गप्प बसले होते, हेही सांगितलं. दुकानदाराचा चेहरा उतरला. मग मागून एका माणसानं घसा साफ करून विचारलं, "बाई, माझ्या घोडीला आठ दिसांपासून हाच हाय. भाईरच बांधलीय. काय करू?" मी उठले, बाहेर गेले, तिचा ओठ वर केला. "जवळ या," मोबाइलवाल्यांना म्हटलं, "आणि नीट दिसेल असं घ्या." काहींनी घेतला. काहींनी मोबाइल खिशात टाकले आणि निघून गेले.

तो व्हिडिओ आणि गेल्या वर्षीचा, दोन्ही मीच संघटनेच्या चौकशी विभागाला पाठवले. शिवराज तेव्हापासून फोन घेत नाही. काकांना कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. त्यांनी जेवण सोडलं आहे असं कानावर आलं. पद राहणार नाही, हे मला कुणी सांगायला नको. पंचाचं कामही बहुधा जाईल, आणि कडक झालेले नियम माझ्यामागून सैल करायला माणसं टपलेलीच आहेत. त्यांना आता माझंच नाव पुढे करता येईल.

काल विभागाकडून चौकशीचा छापील अर्ज आला. अशा प्रकरणांसाठी तो या वर्षी नव्यानं तयार झाला आणि त्यातले प्रश्न माझेच आहेत. पळवाट राहू नये म्हणून मी ते आठवडाभर घासले होते. पहिला प्रश्न आहे, रक्त तुम्हाला दिसलं होतं का. दुसरा आहे, दिसल्यानंतर तुम्ही किती वेळात घोडा थांबवलात. पहिल्यापुढे मी 'हो' लिहिलं आहे. दुसऱ्यापुढे मिनिटं लिहायला एक छोटा चौकोन आहे, आणि सकाळपासून मी त्याच्यासमोर बसले आहे.